पात्र जोडप्यांच्या यादीबाहेर

उपकेंद्राच्या कपाटात एक नोंदवही असते, पात्र जोडप्यांची. लग्न झालेलं आणि बायकोचं वय १५ ते ४९ या दरम्यान असलेलं गावातलं प्रत्येक जोडपं तिच्यात असतं. मुलं किती, धाकटं केवढं, गोळ्या चालू आहेत की तांबी बसवली, ऑपरेशन झालं का, नसेल तर का नाही. पैठण तालुक्यात आडूळला जा, नाहीतर विहामांडव्याला. कोणाच्या घरी पाळणा हलणार आणि कोणाच्या घरी थांबणार, हे आशाताईंना या वहीमुळे तोंडपाठ असतं. बाईनं पन्नाशी गाठली की तिचं नाव वहीतून जातं. पुढे नवरा-बायको सापडतात ते बीपी-शुगरच्या नोंदीत. तिथे ते जोडपं नसतं. दोन पेशंट असतात, वेगवेगळ्या ओळींवरचे.

उतारवयातल्या माणसांच्या लैंगिक आयुष्याबद्दल डॉक्टर, नर्स आणि इतर आरोग्य कर्मचाऱ्यांना काय माहीत असतं आणि काय वाटतं, यावर जगभर गेली चाळीसेक वर्षं अभ्यास होत आहेत. त्यांतले बहुतेक कर्मचाऱ्यांच्या मनातले पूर्वग्रह शोधतात. पूर्वग्रह आहेतच. पण आपल्याकडची चुप्पी जितकी मनात आहे तितकीच वहीत आहे, असं माझं मत आहे. १९५२ साली कुटुंब नियोजनाचा कार्यक्रम सुरू झाल्यापासून सरकारी दवाखान्यानं नवरा-बायकोच्या संबंधांचा विषय काढला तो मुख्यतः पाळणा लांबवायला आणि थांबवायला, नंतर एड्सच्या धास्तीनं. ज्यांना मूल होणार नाही आणि ज्यांच्याबद्दल संशय नाही, त्यांच्याशी या विषयावर बोलायला कारणच ठेवलेलं नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतसुद्धा बायकांना प्रश्न विचारतात ते ४९ वर्षांपर्यंत आणि पुरुषांना ५४ पर्यंत. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात साठी ओलांडलेली माणसं ९.९ टक्के होती. एवढ्या लोकांचा हा भाग सरकारी कागदावर जवळजवळ कोराच राहतो.

आधी परदेशातल्या मोजणीकडे पाहू. १९८२ साली अमेरिकेत चार्ल्स व्हाइट यांनी वार्धक्यातल्या लैंगिकतेवर एक प्रश्नावली तयार केली. तिच्यात ६१ विधानं होती, ३५ माहिती तपासणारी आणि २६ दृष्टिकोन तपासणारी. तेव्हापासून देशोदेशीच्या नर्सेस, वैद्यकीय विद्यार्थी आणि वृद्धाश्रमांतले सेवक हिच्यावर किंवा हिच्या भावंडांवर तपासले गेले. २०१६ साली हेस्लर, बाउअर आणि फेदरस्टनहॉ या ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी अशा अभ्यासांचा एकत्र धांडोळा घेतला. ज्ञान तोकडं, बोलायचा आत्मविश्वास कमी, आणि म्हणून विषय निघतच नाही, असं चित्र त्यातून पुढे आलं. मला यात एक गोष्ट खटकते. कागदावर ‘म्हाताऱ्या माणसांनाही हक्क आहे’ या विधानापुढे ‘सहमत’ म्हणायला काही लागत नाही. समोर सत्तर वर्षांचा माणूस बसलेला असताना तोंड उघडायला लागतं. गुण पहिल्या गोष्टीला मिळतात.

त्यापेक्षा शेफील्डच्या मेरिन गॉट आणि शॅरन हिंचलिफ यांचं २००४ सालचं काम मला जास्त उपयोगी वाटतं. त्यांनी प्रश्नावली न वाटता डॉक्टरांना बोलतं केलं. कुटुंबाचे नेहमीचे डॉक्टर म्हणाले की हा प्रश्न वयस्क पेशंटच्या बाबतीत आम्हाला गैरलागू वाटतो, तो त्यांचा खासगी मामला आहे, विचारलं तर ते दुखावतील. आणि एकदा विषय काढला की तो कुठे जाऊन थांबेल याचा नेम नाही. पेशंटचा हिशेब उलटा असतो: महत्त्वाचं असतं तर डॉक्टरांनीच विचारलं असतं. २००७ साली अमेरिकेत स्टेसी लिंडाऊ आणि सहकाऱ्यांनी ५७ ते ८५ वयाच्या ३००५ लोकांची पाहणी प्रसिद्ध केली. ५७ ते ६४ वयोगटातले ७३ टक्के लोक लैंगिकदृष्ट्या सक्रिय होते, ६५ ते ७४ मधले ५३ टक्के आणि त्यापुढचे २६ टक्के. पन्नाशीनंतर या विषयावर डॉक्टरांशी एकदा तरी बोललेले पुरुष ३८ टक्के होते, बायका २२ टक्के.

हे अमेरिकेचं, आपल्याकडे असलं काही नसतं, असं म्हणणाऱ्यांसाठी मुंबईतली एक छोटी पाहणी आहे. गुरविंदर कालरा, अलका सुब्रमण्यम आणि चार्ल्स पिंटो या मानसोपचारतज्ज्ञांनी २०११ साली ती प्रसिद्ध केली. पन्नाशीपुढच्या ६० जणांशी ते बोलले. साठीच्या आतले ७२ टक्के सक्रिय होते आणि साठीपुढचे ५७ टक्के. साठ माणसांवरून महाराष्ट्राचा निकाल लावता येत नाही, पण ‘आपल्याकडे नसतं’ हे म्हणणं तेवढ्यानंही लंगडं पडतं.

आता पैठणकडे. तिशीपुढच्या प्रत्येकाचा आशाताई एक तपासणी फॉर्म भरतात, त्याला सगळे सीबॅक म्हणतात. तंबाखू खाता का, कंबरेचा घेर किती, घरात कोणाला शुगर आहे का. बायकांसाठी त्यात रक्तस्रावाचे प्रश्न आहेत: पाळी गेल्यावर रक्त जातं का, संबंधानंतर रक्त जातं का. कॅन्सर हेरायला हे प्रश्न हवेतच. त्याच फॉर्ममध्ये साठीपुढच्यांसाठी वेगळे प्रश्न आहेत: उभं राहताना तोल जातो का, रोजच्या कामाला कोणाची मदत लागते का, जवळच्या माणसांची नावं विसरता का. म्हणजे शरीरसंबंध हा शब्द फॉर्मला वर्ज्य नाही. तो कॅन्सरच्या ओळीत येतो आणि म्हातारपणाच्या ओळीत येत नाही. फॉर्म भरणाऱ्या बाईला यातून जे शिकायला मिळतं, ते कुठल्याही प्रशिक्षणापेक्षा पक्कं बसतं.

आणि ही फॉर्म भरणारी बाई कोण? आशा निवडताना ती त्याच गावची रहिवासी हवी, विवाहित, विधवा किंवा घटस्फोटित हवी, आणि शक्यतो २५ ते ४५ वयाची हवी, असा नियम आहे. बहुतेक वेळा ती गावची सून असते. समोरचा म्हातारा तिचा चुलत सासरा लागतो, नाहीतर भावकीतला आबा. त्याच्यासमोर ती डोक्यावरचा पदर सरळ करते. ‘आबा, तुमचं आणि आत्याबाईंचं कसं काय?’ हे तिनं विचारावं अशी अपेक्षा धरणं म्हणजे तिला गावातून उठवणं आहे. परदेशी अभ्यासांतली ‘कर्मचाऱ्यांची लाज’ आणि ही अडचण एक नव्हे. तिला सगळं माहीत असेल, तिचं मतही उदार असेल, तरी नातं आडवं येतं. विचारायचंच तर बाहेरून आलेल्या माणसानं विचारायला हवं: आरोग्य मंदिरातले समुदाय आरोग्य अधिकारी, सिस्टर, डॉक्टर.

त्यांच्यासमोर काय येतं ते पाहा. औषधांच्या दिवशी रांग असते. पासष्टीचे एक आजोबा टेबलाशी येतात, मागे सून उभी.

‘गोळ्या घेता ना रोज?’

‘घेतो की.’

‘मग बीपी एवढं कसं?’

‘एक गोळी सोडली म्याडम. लई कमजोरी येती तिच्यानं.’

मॅडम बी-कॉम्प्लेक्स लिहून देतात आणि पुढचा नंबर पुकारतात. आजोबांची ‘कमजोरी’ हातापायांची आहे की दुसरी, हे त्या गर्दीत कोणी विचारत नाही. दुसरी म्हणावी तर सुनेसमोर बोलता येत नाही. बायकांच्याही अशाच तक्रारी असतात: कंबर धरते, खाली आग होते, अंगावरून जातं. हे ऐकून त्यामागचं ओळखायला शिकणं हे या विषयातलं अर्धं ज्ञान आहे, आणि ते व्हाइट यांच्या ६१ विधानांत मावत नाही.

ज्ञानाचा उरलेला अर्धा भाग अगदी रोखठोक वैद्यकीय आहे, आणि त्यात चूक झाली तर जीव जातो. मधुमेहानं नसा आणि रक्तवाहिन्या बिघडतात, त्यामुळे ताठरता कमी होते. सरकारी उपचारात रक्तदाबासाठी अ‍ॅम्लोडिपिन आणि टेल्मिसार्टन देतात. त्यांचा या बाबतीत सहसा त्रास नसतो. क्लोरथॅलिडोनसारख्या लघवी वाढवणाऱ्या गोळ्या आणि जुन्या बीटा-ब्लॉकरमुळे तो होऊ शकतो. पेशंटला हे कोणी सांगत नाही. दोष शुगरचा असला तरी तो गोळीवर जातो, गोळी बंद होते, आणि पक्षाघाताचा पेशंट तयार होतो. न विचारलेल्या प्रश्नाची किंमत अशी रक्तदाबाच्या आकड्यात वसूल होते.

दुसरी गोष्ट, ताठरतेची तक्रार ही अनेकदा हृदयविकाराची आगाऊ सूचना असते. त्या भागातल्या रक्तवाहिन्या हृदयाच्या वाहिन्यांपेक्षा बारीक, म्हणून त्या आधी तुंबतात, कित्येकदा छातीत दुखायच्या दोन ते पाच वर्षं आधी. पंचावन्न-साठीचा माणूस हे सांगायला आला आणि डॉक्टर हसून ‘आता वय झालं’ म्हणाले, तर एक ईसीजी चुकला.

तिसरी गोष्ट ताठरतेसाठीच्या सिल्डेनाफिलची. १९९८ साली अमेरिकेत आलेली ही गोळी आज स्वस्त देशी नावांनी खेड्यापाड्यांत पोचली आहे, आणि चिठ्ठीशिवाय ती मागणारा माणूस दुकानदाराला नवा नसतो. छातीत दुखायला लागलं की दवाखान्यात पहिल्यांदा जिभेखाली सॉर्बिट्रेट, म्हणजे नायट्रेटची गोळी, ठेवतात. ही दोन औषधं एकत्र आली तर रक्तदाब एकदम कोसळतो. सिल्डेनाफिलनंतर किमान २४ तास आणि त्याच जातीच्या टॅडालाफिलनंतर ४८ तास नायट्रेट द्यायचं नसतं. म्हणजे छाती धरून आलेल्या सत्तरीच्या माणसाला ‘तसली गोळी घेतली होती का’ हे विचारावंच लागतं, स्ट्रेचरशेजारी मुलगा उभा असला तरी. मुलाला बाहेर पाठवून विचारायचं, एवढंच. ‘या वयात कशाला घेतील’ असं मनाशी म्हणणारा डॉक्टर इथे नुसता जुन्या विचारांचा नसतो, धोकादायक असतो.

अँजिओप्लास्टी करून आलेल्यांना जिना कधी चढायचा, तूप किती खायचं, मोटारसायकल कधी चालवायची हे सगळं सांगितलं जातं. संबंध कधी ठेवायचे हे सांगत नाहीत, मग माणूस भीतीनं कायमचा लांब झोपायला लागतो. दोन जिने दम न लागता आणि छातीत न दुखता चढणाऱ्याला सहसा हरकत नसते. पैठणच्या माणसाला गोदावरीच्या घाटाच्या पायऱ्या म्हणून सांगितलं तरी कळेल. प्रोस्टेटच्या ऑपरेशनचंही तेच. त्यानंतर बहुतेकांचं वीर्य बाहेर न येता उलट मूत्राशयात जातं. त्यानं काही बिघडत नाही, पण आधी सांगितलं नाही तर माणसाला वाटतं आपण संपलो.

बायकांची बाजू संशोधनात नेहमीच बारीक राहिली. १९८९ साली राणी आणि अभय बंग यांचा गडचिरोलीचा अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये आला. दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी झाली, ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगाचा किंवा लैंगिक आजाराचा काही ना काही त्रास निघाला, आणि त्याआधी अशी तपासणी झालेल्या फक्त ८ टक्के होत्या. बाळंतपणापलीकडेही बाईला शरीर असतं, हे त्या आकड्यांनी दाखवलं. पाळी गेल्यावर कोरडेपणा येतो, संबंध दुखरे होतात, वारंवार लघवीचा त्रास होतो. साध्या वंगणानं किंवा डॉक्टरांच्या सल्ल्यानं लावायच्या इस्ट्रोजेनच्या मलमानं बराच आराम पडतो. पण सांगायचं कोणी? अंग बाहेर येतं म्हणून आलेल्या बाईला लघवीचं विचारतात, उठता-बसता काय होतं ते विचारतात, नवऱ्याचं विचारत नाहीत. आणि मराठवाड्यात ‘उतारवय’ सगळ्यांना साठीला येत नाही. गोदावरी ओलांडली की बीड जिल्हा. तिथल्या ऊसतोड कामगार बायकांच्या गर्भाशयांचा प्रश्न २०१९ साली विधिमंडळात गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या समितीसमोर आलेल्या सर्वेक्षणात ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. पिशवीबरोबर अंडाशयही गेलं की पस्तिशीतच पाळी गेल्यानंतरचं शरीर येतं. कोयता घेऊन रानात जाणारी ही बाई वहीत ‘पात्र’ वयाची आणि शरीरानं पन्नाशीपुढची असते.

इथे उत्साही सुधारकांना थोडं थांबवायला हवं. ‘वयस्कांनी सक्रिय राहिलं पाहिजे’ असा नवा धर्म निघत असेल तर तो आपल्याकडच्या अनेक बायकांना जाच होईल. पाळी गेली, नातवंडं झाली, ‘सुटले बाई एकदाची’ असं म्हणणारी बाई आजारी नसते. कित्येकींसाठी नको असलेल्या संबंधातून ती पहिली सुटका असते. आजी नातवंडांना घेऊन माजघरात झोपते, आजोबा ओसरीवर नाहीतर मळ्यात, ही व्यवस्था काही जोडप्यांवर लादलेली असते, काही बायकांनी स्वतः शोधलेली. नवऱ्याला गोळी लिहून देताना बायकोला काहीच न विचारणारा डॉक्टर आधुनिक ठरत नाही. त्या गोळीची किंमत दुसरंच कोणी मोजत असेल. म्हणून प्रश्न दोघांना, वेगवेगळा, आणि ‘नको’ हे पूर्ण उत्तर आहे असं धरून विचारावा.

मराठीत या विषयावर बोलणाऱ्यांची परंपरा तशी दणकट आहे. र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि १९२७ ते १९५३ ‘समाजस्वास्थ्य’ चालवलं, खटले अंगावर घेऊन. डॉ. विठ्ठल प्रभू यांचं ‘निरामय कामजीवन’ घरोघरी कपाटात मागे दडवलेलं असे. डॉ. प्रकाश कोठारी यांनी केईएममध्ये हा विषय वैद्यकीय शिक्षणात आणला. डॉ. महिंदर वत्स ऐंशीच्या घरात असताना एका इंग्रजी दैनिकात वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायला बसले आणि नव्वदी उलटली तरी देत राहिले. २०२० साली ९६व्या वर्षी गेले. पण केईएमचा अपवाद सोडला तर हे सगळं छापील पानांवर घडलं. तालुक्याच्या दवाखान्यात ते उतरलं नाही. तिथे आजही या विषयाला दार आहे ते ‘त्वचा व गुप्तरोग’ या पाटीचं, आणि त्याखेरीज एसटी स्टँडच्या भिंतीवरच्या जाहिरातींचं.

पैठण म्हटलं की कोणीतरी गाथासप्तशती काढणारच. सातवाहनांच्या प्रतिष्ठानात हाल राजानं जमवलेल्या प्राकृत प्रेमगाथा, स. आ. जोगळेकरांनी १९५६ साली मराठीत आणलेल्या. अभिमान ठीक आहे. पण त्यातली प्रीत बहुतेक तरुणांचीच आहे, आणि दोन हजार वर्षांपूर्वीचा मोकळेपणा दाखवून आजच्या सिस्टरचा संकोच जात नाही.

संकोच जातो तो कशानं, याचं उदाहरण याच तालुक्यात आहे. पाचोडला डॉ. अशोक दयालचंद यांची इन्स्टिट्यूट ऑफ हेल्थ मॅनेजमेंट अनेक दशकं काम करते आहे. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस या संस्थेनं किशोरवयीन मुलींसाठी वर्षभराचे संध्याकाळचे वर्ग घेतले, त्यांत स्वतःच्या शरीराबद्दलही शिकवलं. १९९७ ते २००१ या काळात त्या भागात मुलींच्या लग्नाचं मध्यवय १६ वरून १७ वर गेलं. लग्न झालेल्या मुलींच्या घरी दर महिन्याला कार्यकर्ती जाऊन पोटाबद्दल, पाळीबद्दल, अंगावरून जाण्याबद्दल विचारत असे. सासू दारात बसलेली असताना हे विचारायचं कसं, हे गावातल्या कमी शिकलेल्या बायका शिकल्या. म्हणजे पैठण तालुक्यात असले प्रश्न विचारता येत नाहीत हा दावा पाचोडला केव्हाच मोडला. त्या वर्गात बसलेल्या मुली आता चाळिशीत आहेत. त्यांची पाळी जाईल तेव्हा त्यांना विचारणारं कोणी तयार केलेलं नाही.

पाचोडच्या कामात तीन गोष्टी होत्या: नेमका प्रश्न, तो विचारायची नेमणूक, आणि पुढे काय करायचं याची सोय. उतारवयाच्या बाबतीत प्रशिक्षण म्हटलं की आपण पहिल्यावरच थांबतो. एक-दोन दिवसांच्या वर्गानं गुण वाढतात, हे अनेक अभ्यासांत दिसलं आहे. परत आल्यावर किती जण विचारतात, याचा पुरावा फार पातळ आहे. जॅक अ‍ॅनन यांनी १९७६ साली सांगितलेली पायऱ्यांची पद्धत अजून वापरात आहे. तिची पहिली पायरी उपचार नव्हे, बोलायची परवानगी आहे. सिस्टरनं म्हणावं, ‘शुगरनं, गोळ्यांनी काही जणांना नवरा-बायकोच्या संबंधात अडचण येते. तुम्हाला तसं काही?’ ‘काही जणांना’ म्हटल्यावर माणसाला तोंड लपवावं लागत नाही. बहुतेक जण ‘नाही’ म्हणतील. उरलेल्यांना पुढे पाठवायला जागा आहे: छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात वार्धक्यशास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे, पैठणहून पन्नासेक किलोमीटरवर. ज्येष्ठांच्या आरोग्याचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१०-११ पासून आहे, त्याच्या तपासणीच्या दिवशीच हा प्रश्न बसवता येतो.

वृद्धाश्रमांचा प्रश्न आणखी अवघड आहे. न्यूयॉर्कच्या रिव्हरडेल इथल्या हिब्रू होमनं १९९५ साली रहिवाशांच्या जवळिकीबद्दल लेखी धोरण केलं: काय खासगी, सेवकांनी दार वाजवल्याशिवाय आत जायचं नाही, स्मृतिभ्रंश झालेल्याची संमती कशी ओळखायची. आपल्याकडे पुण्यात माधव दामले एकट्या ज्येष्ठांना जोडीदार शोधून देण्याचं काम बरीच वर्षं करत आहेत, पण ते संस्थेबाहेर राहणाऱ्यांसाठी. संस्थेच्या आत बहुधा पुरुषांची बाजू वेगळी, बायकांची वेगळी, आणि दोघं बाकावर बसून रोज बोलायला लागले की कार्यालयातून मुलाला फोन जातो. सेवकाच्या मताला यात फारशी जागा नाही, कारण त्याला नोकरी टिकवायची असते. लेखी नियम असेल तर त्याला मुलाच्या रागापासूनही संरक्षण मिळेल.

राहिले पुरुष. बायकांना निदान सिस्टर आणि आशाताई आहेत. गावातल्या म्हाताऱ्या पुरुषाशी बोलायला यंत्रणेत एकच पुरुष उरतो, तो आरोग्य सेवक, आणि त्याला आपण डासांच्या अळ्या शोधायला आणि रक्ताचे नमुने घ्यायला पाठवतो. त्याला गावात कोणी सासरा नसतो. पारावर बसून तो तंबाखू मळता मळता जे विचारू शकतो, ते समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून आलेल्या पंचविशीतल्या मुलीला वर्षभरात जमणार नाही. तालुक्याला पुढचं प्रशिक्षण लावायचं असेल तर पहिल्या रांगेत या सेवकांना बसवावं, आणि त्यांच्याशेजारी औषधाच्या दुकानदारांना. ती निळी गोळी कोणाला, किती वाजता आणि हृदयाच्या कुठल्या औषधांबरोबर विकली जाते, हे तालुक्यात त्यांच्याइतकं कोणालाच माहीत नसतं.